पुढच्या चाकांचं तेल

सोमवार, ३

बत्तीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका शोधल्या. आता स्वतःच्या नोंदवून ठेवाव्यात म्हणून ही वही. सुरुवातीला साहित्य भरपूर आहे.

धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आला त्याला आज सात आठवडे झाले. उजवा हात आणि उजवा पाय अजून त्याचं पुरतं ऐकत नाहीत. पण खरी पंचाईत शब्दांची आहे. त्याला समजतं सगळं, बोलायला गेला की भलताच शब्द हाती लागतो. काल चमच्याला ‘खिडकी’ म्हणाला आणि स्वतःवरच वैतागला. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणतात, कपाटातले खण उलटेपालटे झालेत, सामान मात्र सगळं आत आहे.

मी आले होते पंधरा दिवसांसाठी, धाकट्याला बघायला. आता बटाट्यांसाठी राहिले आहे. शेडमध्ये बेण्याचे बटाटे ट्रेमध्ये मांडून ठेवलेत, त्यांना नखाएवढे कोंब आलेत. पंधरा तारखेच्या आत उताराच्या शेतात गेले नाहीत तर कोंब लांबतील आणि लावताना मोडतील. खालच्या शेताचा शेजारी दोनदा येऊन गेला. "एवढ्या वर्षापुरतं मला कसायला द्या, वहिनी. तुमच्याने होणार नाही." वहिनी हो म्हणायच्या बेतात होती. मी म्हटलं, ट्रॅक्टर मी चालवते.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला येतो, ताई?"

"वडिलांनी शिकवला होता," मी म्हटलं. त्याला चाळीस वर्षं झाली, हे सांगायचं राहून गेलं.

मंगळवार, ४

ट्रॅक्टर चालतो. म्हणजे मी चालवू शकते. शेडपासून फाटकापर्यंत तीन फेऱ्या मारल्या, कुंपणाचा एकच खांब वाकला.

परत आणून लावला तर पुढच्या डाव्या चाकाखाली वाटीभर पांढुरका ओघळ. दूध सांडल्यासारखा, पण चिकट. धाकट्याच्या टेबलाच्या खणात ट्रॅक्टरचं पुस्तक मिळालं, ते घेऊन बसले. उताराच्या शेतात मागच्या चाकांचं एकट्याचं काही चालत नाही, पुढची चाकंही ओढावी लागतात. त्या ओढणाऱ्या चाकांच्या मध्यभागी एकेक लोखंडी डबा असतो, त्याला हब म्हणतात. आत दातेरी चक्रं, आणि ती तेलात बुडलेली. तेलात पाणी शिरलं की ते दुधासारखं होतं. म्हणजे डाव्या हबचं सील, पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी, गेलंय.

मिस्त्रींना फोन लावला. धाकट्याच्या ट्रॅक्टरची सगळी कामं तेच करतात. त्यांच्या बायकोने उचलला. ते पीठगिरणीच्या मोठ्या कामावर गेलेत, शनिवारी सील घेऊन येतील, म्हणाल्या. मी निरोप नीट लिहून घ्यायला सांगितला आणि परत वाचून दाखवायला लावला. जुनी सवय.

तोवर तेल तरी आणून ठेवावं. इथून घोळ सुरू झाला. कोणतं तेल?

शेजारी म्हणाला, "कुठलंही टाका. मी इंजिनचं उरलेलं टाकतो." पुस्तक म्हणतं, हबमध्ये एकशेचाळीस नंबरचं गिअरचं तेल. तेलाच्या दुकानदाराला विचारलं तर त्याने ट्रॅक्टर कोणता, कितवं मॉडेल, एवढं विचारलं आणि म्हणाला, "एकशेचाळीस. डोळे मिटून टाका." मला डोळे मिटून काही करायची सवय नाही, पण दोन ठिकाणी एकच उत्तर आलं म्हटल्यावर शंका कशाला काढायची? दोन डबे घेऊन आले.

बुधवार, ५

आजचं लिहू नये असं वाटत होतं. पण मग वही कशाला.

डावं हब सील येईपर्यंत उघडण्यात अर्थ नव्हता. उजवं कोरडं आहे, त्याचं तेल तरी बदलून टाकावं, हात बसेल, असा विचार केला. पुस्तकात पद्धत दिली आहे. हबवर एक प्लग, म्हणजे आट्यांचं बूच, असतो. चाक फिरवून तो घड्याळातल्या सहावर आणायचा, म्हणजे जुनं तेल खाली येतं. मग नऊवर आणायचा आणि नवीन भरायचं. प्लगच्या तोंडातून ओघळायला लागलं की पुरे. मी ट्रॅक्टर इंच इंच पुढे घेत होते आणि वहिनी वाकून सांगत होती, "पाच वाजले... सव्वापाच... थांबा, सात वाजले." दोघींना इतकं हसू आलं की वहिनी खाली बसली. मी आल्यापासून तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

जुनं तेल मधाच्या रंगाचं आणि चांगलंच पातळ निघालं. वापरून वापरून पातळ होत असावं. नवीन तेल जाड, काळपट, त्याला नासक्या अंड्यांचा वास. आणखी एक गोष्ट म्हणजे हबला मागच्या बाजूने एक बारीक लोखंडी नळी येऊन मिळते, ती पुस्तकातल्या चित्रात नाही. छापताना राहिली असेल. छपाईत काय काय राहतं ते मला विचारा.

भरून झाल्यावर फाटकापर्यंत चक्कर मारली. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला आणि उजव्या चाकातून गुरगुरल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा तेच. मला वाटलं, माझा पाय वाकडा पडतोय.

धाकटा तोवर व्हरांड्यात येऊन खुर्चीत बसला होता. मी ट्रॅक्टर उभा करून उतरले, चाकापाशी तेलाचा डबा हातात घेऊन उभी राहिले आणि त्याला म्हटलं, "बघ, तुझ्या ट्रॅक्टरचं तेल बदललं."

त्याने डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाड थाड मारलं. "नाही. नाही." मग हात लांब करून सरळ माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सावत्र."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "काय?"

"सावत्र," तो म्हणाला. अगदी स्पष्ट. "सावत्र. सावत्र. नाही."

वहिनी त्याला आत घेऊन गेली. मी डब्याचं झाकण लावलं. घट्ट लावलं.

गुरुवार, ६

ट्रॅक्टरला हात लावला नाही.

हे कुठेतरी लिहून काढायला हवं. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. तीन वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि धाकटा झाला. नवी आई मला वेणी घालायची, माझ्या परीक्षेला शाळेच्या दारात उभी राहायची. एकदा शेजारच्या बाई माझ्याबद्दल तिला म्हणाल्या, सावत्र मुलीचे किती लाड करता. त्यानंतर वर्षभर आई त्यांच्या घराची पायरी चढली नाही. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. धाकट्याला तो ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

चमच्याला खिडकी म्हणणाऱ्या माणसाचं मनावर घेऊ नये, हे मला कळतं. पण बोलण्याच्या बाई म्हणाल्या होत्या ना, सामान सगळं आत आहे. म्हणजे हे सामानही आतच होतं. चोपन्न वर्षं. आणि चूक काय काढायची? ट्रॅक्टर त्याचा, शेत त्याचं. मी त्याला न विचारता मांडी ठोकून बसले.

दुपारी बॅग भरली. मग केस विंचरायला कंगवा हवा होता म्हणून उघडली. परत भरायचं राहिलं.

शुक्रवार, ७

वहिनीने चहा देताना विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "तुझं नाही."

"मग ह्यांचं?"

मी सांगितलं. तिने कप खाली ठेवला. "त्यांनी तुम्हाला? शक्य नाही, ताई. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तुमच्याबद्दलच विचारत होते. म्हणजे ‘पेन्सिल, पेन्सिल’ म्हणत होते. सतत पेन्सिल हातात घेऊन चुका काढणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण असणार?"

हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी चहा प्यायले.

नंतर धाकट्याने मला हाक मारली. हाक म्हणजे भिंतीवर टकटक. समोर पाटी आणि खडू होता. बाईंनी डाव्या हाताने गिरवायला दिलंय. त्याने दोन वर्तुळं काढली, मध्ये एक आडवी रेघ, आणि मग त्या सगळ्यावर फुली मारली. माझ्याकडे बघितलं. मी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "चष्मा नकोय म्हणतात," आणि त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. त्याने तो परत मागितला. तिने परत दिला. त्याने पुन्हा वर्तुळं काढली. मी म्हटलं, "सायकल?" तेव्हा त्याने खडू टाकला आणि डोळे मिटून घेतले. हसत होता की रडत होता कळलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवर पुस्तक घेऊन ट्रॅक्टरपाशी गेले. ती नळी डोक्यातून जात नव्हती. उजव्या हबला आहे, डाव्यालाही आहे. एखादी गोष्ट एकदा राहते, दोन्हीकडे राहत नाही. पानं उलटून सगळी चित्रं पाहिली. बोल्टही मोजले. चित्रात हबला आठ, इथे बारा.

चूक छापखान्याची नसेल तर मग कुणाची? डाव्या हबला उद्या मिस्त्री आल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं. दोन दिवस मी थांबले ते शंकेमुळे की रुसून, हे विचारलं तर मला सांगता येणार नाही.

शनिवार, ८

कुठून सुरू करू?

मिस्त्री नऊला आले. सील आणलं होतं. सत्तरीचा बुटका माणूस, वाकताना "अरे देवा" आणि उठताना "अरे देवा". मी त्यांना पुस्तक दाखवलं, नळी दाखवली, बोल्ट मोजून दाखवले.

मिस्त्रींनी पुस्तकाकडे बघितलंच नाही. "हे पुस्तक ह्या एक्सलचं नाहीच, ताई."

"म्हणजे?"

तेवढ्यात व्हरांड्यातून काठीचा आवाज आला. वहिनीच्या आधाराने धाकटा दारात उभा होता. मिस्त्रींना बघून त्याचा चेहरा उजळला. डावा हात लांब केला, पुढच्या चाकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सावत्र."

मिस्त्री म्हणाले, "हो हो, सावत्रच की. विसरलो का मी?"

मी मध्ये उभी नव्हते ह्या वेळी. बोट सरळ चाकाकडेच होतं.

मिस्त्रींनी सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी ट्रॅक्टरचं पुढचं चाक उतारावर खडकावर आदळून मूळ एक्सल, पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, तडकला. नवीन मिळायला दोन महिने लागणार होते. एका मोडीत निघालेल्या, ह्याच्यापेक्षा मोठ्या ट्रॅक्टरचा एक्सल दोघांनी मिळून आणला आणि ह्याला बसवला. त्या एक्सलच्या हबमध्ये ब्रेक आहेत, तेलात बुडालेल्या चकत्यांचे. ती नळी ब्रेकची. भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना ट्रॅक्टर रोखून धरतो तो ह्या ब्रेकांच्या जोरावर.

"मग आम्ही त्याला सावत्रच म्हणायचो," मिस्त्री म्हणाले. "घरचा नाही, पण घरच्यापेक्षा जास्त ओढतो."

वहिनी नवऱ्याकडे वळली. "मला ‘बारीकशी दुरुस्ती’ म्हणून सांगितलं होतं."

धाकटा आभाळाकडे बघायला लागला. हे त्याला शब्दांशिवायही छान जमतं.

मी शेडमध्ये चिंध्या आणायला गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले. ‘नाही’ सोडलं तर सात आठवड्यांत अचूक हाती लागलेला पहिला शब्द तो, आणि तोच त्याला पुन्हा पुन्हा म्हणावा लागला.

बाहेर आले तेव्हा मिस्त्री एक्सलच्या नळकांड्यावरचं चिखल-ग्रीसचं कवच पटाशीने खरवडत होते. खालून बोटभर पितळी पट्टी निघाली, तिच्यावर बनवणाऱ्याचा नंबर. "तेल विचारायचं तर ह्या नंबराने विचारायचं," ते म्हणाले. "ट्रॅक्टरच्या नावाने नाही. ह्याला पातळ तेल लागतं, गिअरबॉक्स आणि नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकला चालतं ते. जाड एकशेचाळीस टाकलं की चकत्या घसरतात, फुगतात. ब्रेक एका बाजूला ओढतो."

मी म्हटलं, "मिस्त्री, उजव्यात टाकलंय."

ते थांबले. "किती चालवला?"

"फाटकापर्यंत. दोनदा."

"भरलेली ट्रॉली?"

"नाही. काहीच नाही."

"उतारावर नेला नाहीत ना?"

"नाही."

मिस्त्री म्हणाले, शेताकडे जाताना पुलापाशी उतरणारं वळण तुम्हाला ठाऊक आहे, तिथे दोन टन मागे असताना एका बाजूचा ब्रेक धरला नसता तर... पुढचं मी लिहीत नाही. सोमवारी मी तिथूनच बेण्याची ट्रॉली नेणार होते.

काठी टेकत धाकटा दोन पायऱ्या उतरून आला होता. वहिनी ओरडणार होती, ती ओरडली नाही.

उजवं हब उघडलं. जाड तेल काढलं, मिस्त्रींच्या डब्यातल्या पातळ तेलाने दोनदा विसळलं, चाक हाताने फिरवलं, पुन्हा काढलं. प्लगला लोहचुंबक असतं, त्याच्यावर काय चिकटलंय ते मिस्त्रींनी अंगठ्याने पुसून उन्हात धरलं. नुसता बारीक करडा लगदा, तुकडा एकही नाही. चकत्याही शाबूत. "काही बिघडलं नाही," ते म्हणाले. "आणखी चार दिवस चालवला असतात तर सगळं खोलावं लागलं असतं."

मी तिथेच दगडावर बसले. मग धाकट्याकडे बघून म्हटलं, "मला वाटलं तू मला म्हणालास."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याला समजवावं लागलं. शब्द शोधत राहिला, शोधत राहिला. शेवटी म्हणाला, "पेन्सिल."

"हो," मी म्हटलं. "कळलं."

रविवार, ९

डाव्या हबला नवं सील काल बसलं. आज तेल आणायला गेले. पट्टीवरचा नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता. दुकानदाराने तीन याद्या चाळल्या आणि पातळ तेलाचा डबा काढला.

मी म्हटलं, "मंगळवारी डोळे मिटून टाका म्हणालात."

"तुम्ही ट्रॅक्टर सांगितलात, ताई. एक्सल बदललाय हे मी कसं ओळखणार?"

"तुम्ही विचारायचं."

"असं कोण विचारतं?"

"आजपासून तुम्ही," मी म्हटलं. त्याने हसून न उघडलेला जाड तेलाचा डबा परत घेतला आणि चिठ्ठी गल्ल्याच्या काचेखाली सरकवली. बघू.

दोन्ही हब भरली. वहिनी आता पहिल्याच फटक्यात नऊ वाजवते. मग चक्कर. ब्रेक दाबला, ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला, गुरगुर नाही. पुन्हा दाबला. पुन्हा सरळ. मी उगाचच सात-आठ वेळा थांबवला. व्हरांड्यातून धाकट्याने हात हलवला, पुरे आता असा.

संध्याकाळी पुस्तकात दुरुस्ती केली. एकशेचाळीस खोडलं, समासात योग्य तेल आणि पट्टीचा नंबर लिहिला, सुवाच्य.

सोमवार, १०

पहिल्या अकरा ओळी लागल्या. मान आखडली आहे. शेजारी कुंपणापाशी येऊन बघत उभा राहिला, मग म्हणाला, "ओळी जरा वाकड्या आहेत."

मी म्हटलं, "बटाटे जमिनीखाली असतात, कुणाला दिसतंय?"

बुधवार, १२

दिवसभर ट्रॉली भरून पुलाच्या वळणावरून ये-जा. पहिल्या खेपेला हाताला घाम सुटला होता. सहाव्या खेपेला मी गुणगुणत होते, असं वहिनी म्हणते. मला आठवत नाही.

बोलण्याच्या बाई येऊन गेल्या. मी त्यांना सावत्रची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी तो काय म्हणतोय ह्याचा अंदाज बांधायच्या आधी, त्याच्या जागी उभं राहून कुठे बघतोय ते बघा. सोपं आहे. पण मला सुचलं नव्हतं.

शुक्रवार, १४

झालं. शेवटचा ट्रे दुपारी तीनला रिकामा झाला. सगळा उतार लागला. एक दिवस हातात राखून.

ट्रॅक्टर शेडसमोर आणून बंद केला. कान इतके बधिर होते की शांतताही मोठी वाटली. उतरले तर धाकटा समोर. वहिनी चार पावलं मागे, हात मोकळे, मुद्दाम मोकळे. व्हरांड्यापासून शेडपर्यंत तो काठी घेऊन एकटा आला होता.

मी काही बोलायच्या आत तो वाकला, काठी चाकाला टेकवली आणि डावा तळहात उजव्या हबवर ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ तसाच. मग चाकाला धरून धरून पलीकडे गेला आणि डाव्या हबवर हात ठेवला. दिवसभर ओढल्यावर हब भाजण्याइतकं तापलं असेल तर आत काहीतरी बिघडलेलं असतं, हे मिस्त्रींनी मला सांगितलं होतं.

त्याने माझा हात धरला, डाव्या हबवर ठेवला आणि वरून दाबला. मग तसाच ओढत मला उजवीकडे आणलं आणि तिथे ठेवला.

"कोमट," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही," तो म्हणाला, आणि हात काढला नाही.